पूल पाणी पितो!

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. घरी मराठी आणि शाळेत "स्पीक इन इंग्लिश"चा दंड, त्यामुळे माझं मराठी म्हणजे ऐकून आलेलं, लिहून आलेलं नाही. मराठी विभागासाठी "काहीतरी टेक्निकल लिही" असं फर्मान आलं तेव्हा मी पहिला फोन आजीला केला. व्हॉल्व्हला मराठीत काय म्हणतात? आजी म्हणाली, "झडप." आणि गॅस्केटला? "ते तुझ्या आजोबांनाच माहीत असतं." आजोबा आता नाहीत. तेव्हा या लेखात जिथे शब्द सापडला नाही तिथे वर्कशॉपमध्ये जो बोलतात तोच घातला आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं.

विषय आहे आपल्या जिमखान्याच्या स्विमिंग पूलच्या सँड फिल्टरचा व्हॉल्व्ह. तो कुठून गळत होता, ते कसं सापडलं आणि कसं दुरुस्त झालं. विषय ऐकून पान उलटू नका. एप्रिलमध्ये लेडीज हॉस्टेलला दिवसातून एकदाच आणि तेही पाऊण तास पाणी येत होतं, त्याचा या व्हॉल्व्हशी थेट संबंध आहे. सकाळी साडेसहाला बादल्यांची रांग लावून भांडलेल्या सगळ्यांनी तरी हे वाचायलाच हवं.

पूल आणि लेडीज हॉस्टेलची टाकी, दोघांनाही जमिनीखालच्या एकाच टाकीतून पाणी मिळतं. त्यात बोअरचं पाणी येतं आणि ते कमी पडलं की टँकर. मार्चमध्ये दिवसाला एक टँकर पुरत होता. एप्रिलमध्ये दोन आले तरी वरच्या मजल्यावर नळ कोरडे. मेसमध्ये कोणीतरी म्हणालं, "पूल पाणी पितो." वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की दोन दिवसांत ते बाथरूमच्या दारावरही लिहिलेलं दिसलं. पण पूल स्वतः तर पाणी पीत नाही. मग कोणीतरी सांडत असणार. म्हणजे कोण? पूलवाले मामा!

मामा पूल सांभाळतात त्याला नऊ वर्षं झाली. ते ठेकेदाराच्या पगारावर आहेत, कॉलेजच्या नाही. बोललं जाऊ लागलं की मामा रोज बॅकवॉश लावतात आणि पाणी सोडून चहाला जातात. रेक्टर मॅडमनी ऑफिसला पत्र दिलं. ऑफिसने ठरवलं की १ मेपासून पूल बंद आणि ठेकेदाराने माणूस बदलून द्यावा. मामा मला म्हणाले, "ताई, म्या काय रात्री उठून पाणी सोडतो का? हप्त्यातून एकदा बॅकवॉश करतो. ते पण घड्याळ लावून तीन मिनिटं." मी स्विमिंग टीममध्ये आहे, त्यामुळे पूल बंद होऊ नये यात माझा स्वार्थही होता. आणखी एक कारण होतं, ते पुढे सांगते.

आधी फिल्टर समजून घेऊ. पंप हाऊसमध्ये जी निळी, गोल, माझ्या उंचीची टाकी आहे ती म्हणजे सँड फिल्टर. फायबरची आहे, व्यास १.२ मीटर. आत साधारण अर्धा मिलिमीटर दाण्याची चाळलेली सिलिका वाळू भरलेली असते, बांधकामाची नव्हे. पंप पूलमधून पाणी ओढतो आणि टाकीत वरून सोडतो. पाणी वाळूतून खाली झिरपतं, घाण वाळूत अडकते, तळाशी बारीक चिरा पाडलेल्या नळ्या असतात त्यातून स्वच्छ पाणी गोळा होऊन परत पूलमध्ये. आपला पूल २० मीटर बाय १० मीटर, सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे २,८०,००० लिटर. पंप तासाला साधारण ३५,००० लिटर फिरवतो, म्हणजे आठ तासांत पूलइतकं पाणी एकदा फिल्टरमधून जातं. उन्हाळ्यात पंप रोज १२ तास चालतो.

घाण साठत गेली की वाळूतून पाणी जायला त्रास होतो आणि गेजवरचं प्रेशर चढतं. आपल्याकडे वाळू स्वच्छ असताना गेज ०.८ दाखवतो (किलो प्रति चौरस सेंटिमीटर). त्याच्यावर अर्धा-पाऊण किलो चढलं की उलटं पाणी सोडायचं, खालून वर. वाळू उचलली जाते, घाण सुटते आणि गटाराकडे जाते. हाच बॅकवॉश. मग थोडा वेळ रिन्स, म्हणजे वाळू परत बसेपर्यंत पहिलं गढूळ पाणी पूलमध्ये न सोडता बाहेर टाकणे.

हे पाणी कधी वरून खाली, कधी खालून वर, कधी पूलकडे, कधी गटाराकडे पाठवायचं काम एकच व्हॉल्व्ह करतो. त्याला मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह म्हणतात. वर एक हँडल, त्याच्याभोवती सहा जागा: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रिसर्क्युलेट, क्लोज्ड. आतली रचना मला पुस्तकातल्या क्रॉस सेक्शनवरून अजिबात कळली नव्हती. कळली ती मसाल्याच्या डब्यावरून. डब्यात जसे कप्पे, तसे व्हॉल्व्हच्या आत कप्पे असतात. एकात पंपाचं पाणी, एकात टाकीच्या वरच्या बाजूचं, एकात खालच्या बाजूचं, एक पूलकडे जाणारा, एक गटाराकडे जाणारा. त्यावर एक फिरणारं झाकण, त्याला रोटर म्हणतात. हँडल फिरवलं की रोटर फिरतो आणि कुठला कप्पा कुठल्या कप्प्याला जोडायचा ते ठरतं. कप्प्यांच्या भिंतींवर रबराची पट्टी बसवलेली असते, मधून निघालेल्या आऱ्या आणि बाहेर गोल कडं. हे स्पायडर गॅस्केट. मामा त्याला "चाकाचं रबर" म्हणतात आणि माझ्या मते तेच नाव जास्त बरोबर आहे, कारण ते कोळ्यापेक्षा सायकलच्या चाकासारखंच दिसतं. एक जाड स्प्रिंग रोटरला वरून या रबरावर दाबून धरते. एक आरी जरी उठली किंवा फाटली तरी हळद जिऱ्यात जाणार. म्हणजे हँडल फिल्टरवर असूनही थोडं पाणी गटाराच्या कप्प्यात जात राहणार.

आता माझी पहिली चूक. मी पंप हाऊसमध्ये गेले तेव्हा हँडलच्या बुडाशी पाणी टपकत होतं. टप, टप, टप. मी एकदम शेरलॉक होम्स! "मामा, सापडलं!" दांड्याच्या ओ-रिंग झिजल्या की असं होतं हे मी वाचलं होतं. मामा नुसते हसले. म्हणाले, "ताई, ते मग्यात धरा आन् किती वेळात भरतो बगा." अर्ध्या लिटरचा मग भरायला २० मिनिटं लागली. म्हणजे तासाला दीड लिटर, १२ तासांत १८ लिटर. एका मुलीची आंघोळ! यावरून टँकर दुप्पट होत नाहीत. व्हॉल्व्ह गळतोय म्हटलं की आपण जे डोळ्यांना दिसतं तिथेच पाना घेऊन धावतो. पण मोजल्याशिवाय कळत नाही की आपण मोठी गळती बघतोय की छोटी.

मग आम्ही बादलीची टेस्ट केली. ही टेस्ट इतकी सोपी आहे की इंजिनिअरिंगला अॅडमिशन न घेताही करता येते. प्लास्टिकची बादली पूलच्या पहिल्या पायरीवर ठेवायची, तरंगू नये म्हणून आत वीट. बादलीत पूलचंच पाणी भरायचं, आतली पातळी बाहेरच्या पातळीइतकी होईपर्यंत. दोन्ही पातळ्यांवर खूण करायची. २४ तासांनी दोन्ही किती उतरल्या ते स्टीलच्या पट्टीने मोजायचं. बादलीतलं पाणी फक्त उन्हाने आणि वाऱ्याने उडतं. पूलचं पाणी उन्हानेही उडतं आणि गळतही असेल तर गळतं. बादली पूलमध्येच का, तर दोन्हीकडे ऊन, वारा आणि पाण्याचं तापमान सारखं राहावं म्हणून. टेस्ट चालू असताना पूलमध्ये कोणी उतरायचं नाही आणि वरून पाणी भरायचं नाही. जिमखान्याच्या सरांनी रविवारी पूल बंद ठेवायची परवानगी दिली, सोमवारी तो बंदच असतो.

रविवारी सकाळी आठ ते सोमवारी सकाळी आठ, पंप नेहमीप्रमाणे १२ तास चालू ठेवला. बादली ८ मिलिमीटर उतरली. पूल ५२ मिलिमीटर! मग सोमवार ते मंगळवार पंप पूर्ण बंद ठेवला, क्लोरीन हाताने टाकलं. बादली ८, पूल ९.

हे चार आकडे मी वहीत लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. पंप बंद असताना पूल आणि बादली जवळजवळ सारखे उतरतात, म्हणजे पूलच्या भिंती, टाईल्स, तळ सगळं ठीक. पंप चालू झाला की ४४ मिलिमीटर जादा जातं. पूलचं क्षेत्रफळ २०० चौरस मीटर, म्हणजे १ मिलिमीटर बरोबर २०० लिटर. ४४ मिलिमीटर म्हणजे ८,८०० लिटर. रोज. टँकर १०,००० लिटरचा येतो.

(एक सूचना. आपलं पंप हाऊस पूलच्या पातळीच्या वर आहे, म्हणून पंप बंद झाला की गळती थांबते. जिथे पंप हाऊस खाली, तळघरात असतं तिथे पंप बंद असूनही पाणी उताराने जात राहतं. तिथे या आकड्यांचा अर्थ वेगळा निघेल.)

आता पंप चालू असतानाच जाणारं पाणी जातं कुठे? पंप हाऊसची फरशी कोरडी. पाईपच्या जोडांवर आम्ही टिश्यू पेपर फिरवला, कोरडे. उरलं एकच तोंड, वेस्टचा पाईप. तो व्हॉल्व्हमधून निघून थेट जमिनीत जातो आणि मागच्या झाडीत एका चेंबरमध्ये निघतो. चेंबरवर लोखंडी झाकण. नऊ वर्षांत ते कोणी उघडायचं कारणच नव्हतं. मंगळवारी दुपारी मामांनी आणि मी पहारीने झाकण उचललं, माझ्या रूममेटने पंप चालू केला, हँडल नीट फिल्टरवर. पाईपमधून अंगठ्याइतकी धार सुरू झाली. मी १५ लिटरची बादली लावली. १ मिनिट १२ सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साडेबारा लिटर, तासाला ७५०, १२ तासांत ९,००० लिटर. बादलीची टेस्ट म्हणत होती ८,८००. दोन वेगळ्या रस्त्यांनी जाऊन उत्तर इतकं जवळ आलं की मला थर्ड सेमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये केलेल्या रीडिंग्जची लाज वाटली. (तिथे आम्ही उत्तर आधी लिहायचो आणि रीडिंग मागून.)

मामा झाकणाशेजारी उकिडवे बसून धार बघत होते. काही बोलले नाहीत. तीन मिनिटांच्या बॅकवॉशला १,७५० लिटर लागतात. म्हणजे त्यांच्या नकळत व्हॉल्व्ह रोज पाच बॅकवॉशचं पाणी सोडत होता. आणि ते कळणार तरी कसं? तासाला ३५,००० मधले ७५० म्हणजे जेमतेम दोन टक्के. गेजचा काटा हलत नाही, पूलमध्ये येणारं पाणी कमी दिसत नाही. रोज सकाळी पातळी उतरलेली दिसते, पण एप्रिलच्या उन्हात ती थोडी उतरतेच.

खरं तर कळायची एक सोय होती. व्हॉल्व्हच्या वेस्टच्या तोंडाजवळ एक छोटी पारदर्शक डबी असते, साईट ग्लास. बॅकवॉशच्या वेळी पाणी स्वच्छ झालं का ते त्यातून बघायचं असतं, आणि हँडल फिल्टरवर असताना त्यात पाणी हलताना दिसलं की समजायचं, गॅस्केट गेलं. आपल्या बोअरचं पाणी इतकं जड की त्या डबीवर आतून पांढरा थर चढून ती खडूसारखी झाली होती. उत्तर हाताच्या अंतरावर होतं, फक्त काच पुसायची होती.

गॅस्केटचाच दोष आहे असं लगेच ठरवायचं नसतं. कधीकधी वाळूचा एखादा कण रबर आणि रोटरच्या मध्ये अडकतो. म्हणून आधी पंप बंद करून हँडल बॅकवॉशवर नेलं, दोन मिनिटं पाणी सोडलं, पंप बंद करून रिन्स, मग पंप बंद करून परत फिल्टर. कण असेल तर वाहून जातो आणि गळती थांबते. आमची थांबली नाही. हँडल खाचेत पूर्ण बसलं आहे ना तेही बघितलं, कारण ते अर्धवट बसलं तरी असंच पाणी जातं. बसलं होतं. आता उघडण्यावाचून इलाज नव्हता. व्हॉल्व्हच्या झाकणावर मॉडेल नंबर कोरलेला असतो, तो उतरवून घेऊन सरांनी शहरातून नवीन गॅस्केट आणि ओ-रिंगचा सेट मागवला. तो येईपर्यंत पंप रोज फक्त चार तास.

उघडताना वर्कशॉपचे सर हजर होते आणि त्यांनी क्रम ठरवून दिला. पंपाचा मेन स्विच बंद, फ्यूज काढून सरांच्या खिशात. पूलकडून येणारा आणि पूलकडे जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. टाकीवरची हवेची चावी उघडून गेज शून्यावर आणला. (गेजवर शून्य दिसल्याशिवाय एकही स्क्रू सैल करायचा नाही. एवढ्या मोठ्या टाकीत थोडं प्रेशर उरलं तरी झाकण उडून तोंडावर येऊ शकतं.) मग मार्करने झाकण आणि बॉडी यांच्यावर मिळून एक उभी रेघ ओढली. झाकण उलटं बसलं तर हँडल "फिल्टर" म्हणेल आणि आत भलतंच काहीतरी चालू असेल, म्हणून ही रेघ. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे सैल केले. झाकण, हँडल आणि रोटर एकत्रच वर आले.

आत बघितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

गॅस्केटची एक आरी खाचेतून उपटून बाहेर आली होती आणि मधोमध चिरली होती. पंपाचा कप्पा आणि वेस्टचा कप्पा यांच्या मधली, तीच. चीर झिजल्यासारखी नव्हती, ओढून फाटल्यासारखी होती. वर्कशॉपचे सर म्हणाले, "चालू पंपावर कोणीतरी हँडल फिरवलंय." सगळ्यांनी मामांकडे बघितलं.

ते मी फिरवलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी आमची इंटरकॉलेजची प्रॅक्टिस चालू होती. त्या संध्याकाळी पाणी गढूळ होतं. मामांच्या मुलाला ताप होता, म्हणून ते लवकर घरी गेले होते आणि पंप वॉचमननी बंद करायचा होता. मी मेकॅनिकलची, मला सगळं येतं! गेज चढलेला दिसला. मामांना बॅकवॉश करताना दहा वेळा बघितलं होतं. हँडल दाबलं आणि फिरवलं. पंप बंद करायचा असतो हे मी बघितलं होतं, पण ते लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. आतून "खट्" असा आवाज आला, पाईप थरारला, मी घाबरून हँडल परत जागेवर आणलं. पूल चालू, पंप चालू, सगळं ठीक. कोणाला सांगण्यासारखं काय होतं? एप्रिलमध्ये मेसमध्ये "पूल पाणी पितो" ऐकलं तेव्हा तो "खट्" मला आठवला होता. बादलीच्या टेस्टची एवढी हौस मला का आली, त्याचं उरलेलं कारण हे. गळती पूलच्या तळाला निघावी असं मला मनातून वाटत होतं.

चालू पंपावर हँडल का फिरवायचं नाही, ते आता नीट सांगू शकते. हँडल दाबलं की स्प्रिंग दबते आणि रोटर रबरावरून उचलला जातो, म्हणजे फिरताना रबर घासू नये. पंप बंद असेल तर ठीक. चालू असेल तर रोटर उचलल्याबरोबर पंपाचं पाणी सगळ्या कप्प्यांमध्ये एकदम धावतं, आऱ्यांवरून आणि आऱ्यांच्या खालूनही. जोर इतका असतो की जुनं रबर खाचेतून उपटलं जातं. त्याच वेळी हँडल मधल्या जागेत असताना पाण्याला धड वाट नसते, प्रेशरचा झटका बसतो, पाईप थरारतो. मग आपण हँडल सोडतो आणि स्प्रिंग रोटरला त्या उपटलेल्या आरीवरच दाबून बसवते. क्लोज्डवर पंप चालू करणं तर याहून वाईट, तिथे पाण्याला जायला जागाच नाही.

मी तिथेच सांगितलं. शब्द इंग्लिशमध्येच आले, घाबरले की माझं असंच होतं. सर काही वेळ गप्प होते. मग मामा म्हणाले, "रबर जुनंच व्हतं सर. आज ना उद्या गेलंच असतं." ते खरंही आहे. क्लोरीनने रबर कडक झालं होतं, नखाने दाबलं तर खळी पडत नव्हती. पण गेलं ते माझ्या हातून, आणि बोट दोन आठवडे त्यांच्याकडे होतं.

दुरुस्ती तासाभरात झाली. जुनं गॅस्केट काढून खाच कापडाने आणि बोथट लाकडी काडीने साफ केली. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही, प्लास्टिकवर चरा पडला की तिथूनच पुन्हा पाणी जातं. खाचेत वाळूचे दोन-तीन कण होते, तेही टिपले. नवीन गॅस्केटची सपाट बाजू खाली, उठावाची बाजू रोटरकडे (आपल्या व्हॉल्व्हमध्ये असं आहे, दुसरीकडे सोबतचा कागद वाचा). आऱ्या एकेक करून बोटाने दाबून बसवल्या, ओढून-ताणून नाही. त्याच वेळी दांड्याच्या ओ-रिंग बदलल्या, मगातले १८ लिटरही वाचले. मामांनी पंपाच्या बेअरिंगचं ग्रीस पुढे केलं, तेव्हा मात्र माझं एक वर्षाचं केमिस्ट्री कामाला आलं. ते ग्रीस पेट्रोलियमचं, आणि काही जातीचं रबर, उदाहरणार्थ ईपीडीएम, त्याने फुगतं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं. झाकण रेघेला रेघ जुळवून बसवलं, स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून आवळले. दम लावून आवळले तर प्लास्टिकला तडा जातो, आणि मग गॅस्केट नाही, अख्खा व्हॉल्व्ह आणावा लागतो.

पंपाच्या जाळीच्या डब्यात पाणी भरून, दोन्ही व्हॉल्व्ह उघडून, हवेची चावी उघडी ठेवून पंप चालू केला. चावीतून हवा फुसफुसली, मग पाणी आलं, बंद केली. गेज ०.८. मी धावत चेंबरपाशी गेले. पाईपमधून जुनं साठलेलं थोडं पाणी आलं आणि मग नुसते थेंब. मग तेही नाहीत. पुढच्या सोमवारी परत बादलीची टेस्ट केली, यावेळी पंप १२ तास चालू. बादली ८, पूल ९.

त्या रात्री मी सरांसाठी दोन पानी रिपोर्ट लिहिला. त्यात सगळे आकडे टाकले आणि फेब्रुवारीची ती संध्याकाळही. तेव्हापासून चेंबर उघडेपर्यंत आठ आठवडे झाले होते. रोज ९,००० लिटर धरले तर ५६ दिवसांचे ५,०४,००० लिटर. सुरुवातीला चीर लहान असेल, म्हणून खरा आकडा थोडा कमीच असेल, पण मला तो कमी करून लिहावासा वाटला नाही. आमच्या विंगमध्ये ६४ मुली आहेत. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी हिशोबाने ९,००० लिटर म्हणजे ६६ जणींचं रोजचं पाणी. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, त्या पहिल्या गाडीला टँकरचे १० डबे होते, मिळून सुमारे ५ लाख लिटर. तेव्हा मी शाळेत होते, टीव्हीवर ती गाडी बघितल्याचं आठवतं. तेवढीच एक गाडी मी झाडीत सोडून दिली.

रिपोर्ट रेक्टर मॅडमकडे गेला. मॅडमनी मला बोलावून काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. मामांची बदली रद्द झाली. मॅडम स्वतः पंप हाऊसमध्ये जाऊन त्यांना भेटून आल्या, हे मला मामांकडून नाही, वॉचमनकडून कळलं. पूल मेमध्ये फक्त सकाळी चालू राहिला. हॉस्टेलचं पाणी दोन वेळ झालं, तिसऱ्या मजल्यावर अजूनही धार बारीकच असते, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि तो दुसऱ्या लेखाचा विषय होईल.

जादाचं एक गॅस्केट स्टार्टरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे, पाकिटावर मॉडेल नंबर लिहिलेला आहे. हँडलवर आता लाल रंगात "आधी पंप बंद" असं मराठीत लिहिलं आहे, अक्षर माझं आहे, चुकलेलं असेल तर सांगा. साईट ग्लास मामा दर सोमवारी अर्ध्या लिंबाने घासतात. परवा गेले तेव्हा पंप चालू होता आणि काचेतलं पाणी हलत नव्हतं. मी नीट बघायला वाकले तर मामा लगेच म्हणाले, "ताई, हँडलला हात लावायचा नाई हां."

मी हात मागे घेतले.